चार वर्षांची मुलगी, आजींचे गुडघे आणि जांबुघोड्याची वाट

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही बडोद्यात मांजलपूरला राहता. घरात ४ वर्षांची मुलगी, ९ वर्षांचा मुलगा, तुम्ही दोघं आणि ६७ वर्षांच्या सासूबाई, ज्यांचे गुडघे कुरकुर करतात. उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या सणाच्या, आधी एखाद्या दिवशी सगळ्यांनी मिळून जंगलात चालायला जायचं आहे. यजमानांच्या ऑफिसातल्या कुणीतरी जांबुघोडा अभयारण्यातली ६ किलोमीटरची गोल वाट सुचवली आहे, ‘एकदम सोपी, चढ नाहीच’ असं सांगून. तुम्ही विचारताय की हे जमेल का, बिबट्या-अस्वल भेटलं तर काय करायचं, आणि हे नको असेल तर दुसरीकडे कुठे जावं. रतनमहालच्या अभयारण्याचंही शेवटी नाव घेतलं आहे.

बडोद्यातल्या कुटुंबांना हिवाळ्यात जंगलात चालायला नेण्याचं काम मी बरीच वर्षं करते. आधी सरळ उत्तर देऊन टाकते. जांबुघोडा ठीक, ६ किलोमीटर नको, आणि गोल वाट तर मुळीच नको.

खरा प्रश्न वाट सोपी आहे का हा नाहीच. तुमच्या घरात पाच माणसं आहेत आणि चालण्याच्या तऱ्हा चार. मुलगा पळणार, पुढच्या वळणावर उभा राहून ‘लवकर या ना’ म्हणून ओरडणार. मुलगी दहा पावलं चालून बसणार, कारण तिला मुंगळा दिसला. सासूबाई एका लयीत, हळू पण न थांबता चालणार. आणि तुम्ही दोघं एकाला हाका मारत, दुसरीला उचलत, तिसरीचा हात धरत. सहल बिघडते ती इथे. चढाने किंवा काट्यांनी बिघडलेली मी फारशी पाहिली नाही.

आता ६ किलोमीटरचा हिशोब बघा. डांबरी रस्त्यावर धडधाकट माणूस ताशी ४-५ किलोमीटर चालतो, त्यामुळे ज्यांनी सुचवलं त्यांना ती दीड तासाची फेरी वाटली असणार. ४ वर्षांचं मूल स्वतःच्या पायांनी चालत असेल तर मी ताशी दीड किलोमीटर धरते, तेही मूल खुशीत असताना. म्हणजे नुसतं चालणं चार तासांचं. त्यात खाणं, शू, बुटातला खडा, हरवलेली टोपी धरली की पाच तास झाले. सकाळी आठला निघालात तरी एक वाजणार. आपल्याकडे जानेवारीत पहाटे १२ अंशांच्या आसपास असतं आणि दुपारी २८-३०. सागाच्या रानात त्या सुमाराला पानं पिवळी पडून गळायला लागलेली असतात, त्यामुळे सावली विरळ. नकाशावर हिरवं दिसतं म्हणून गारवा मिळेल असं समजू नका.

म्हणून मी घरच्या मंडळींना अंतर सांगतच नाही, वेळ सांगते. तुमच्यासाठी अडीच तास पुष्कळ. त्यातला एक तास जायला, दीड तास यायला. यायला जास्त, कारण परतताना मुलगी दमलेली असेल आणि शेवटचा काही भाग ती कुणाच्या तरी पाठीवर असेल. घड्याळ मुलाच्या हातात बांधा. एक तास झाला की ‘फिरा’ म्हणायचा अधिकार त्याचा. नऊ वर्षांच्या मुलाला असं खरं काम दिलं की त्याचं पुढे पळणं निम्म्याने कमी होतं, आणि बाबांना ‘अजून जरा त्या वळणापर्यंत जाऊ’ म्हणताही येत नाही. जरा पुढेपर्यंत जाऊ म्हणणारा सहसा बाबाच असतो, हेही जाता जाता सांगून ठेवते.

गोल वाटेला माझा विरोध का, तर ती अर्ध्यावर आली की परतायचा उपायच उरत नाही. पुढे गेलात तरी तेवढंच, मागे आलात तरी तेवढंच. गेल्या वाटेने परत येणं कंटाळवाणं वाटतं ते मोठ्यांना. मुलांना नाही. जाताना पाहिलेला वारूळ येताना ती स्वतः शोधून काढतात आणि त्यांना ती आपलीच मालमत्ता वाटते. शिवाय गाडी तिथेच उभी असते, कधीही मागे वळता येतं. एक आणखी चांगली तऱ्हा आहे. बरोबर गाडी चालवणारं एक माणूस जास्तीचं असेल, मामा, काका, कुणीही, तर बैलगाडीची वाट जिथे पुढे गावच्या रस्त्याला लागते तिथे त्याने गाडी आणून ठेवायची. मग वाट एकेरी होते. पण यासाठी ती वाट आधी कुणीतरी चाललेली हवी.

सासूबाईंबद्दल. तुमच्या प्रश्नात त्यांचे गुडघे आहेत, त्यांची इच्छा कुठे दिसली नाही. आधी त्यांना विचारा, तेही मुलांसमोर नको, नाहीतर त्या नातवंडांसाठी हो म्हणतील. त्यांना यायचं असेल तर कामाटी बागेत एका सकाळी न्या, जे बूट घालून जंगलात जायचं तेच घालून, आणि सपाटीवर पाऊण तास चालू द्या. बाग सयाजीराव महाराजांनी १८७९ मध्ये लोकांसाठी उभारली तेव्हा असल्या रंगीत तालमीचा विचार केला नसेल, पण त्यासाठी ती उत्तम आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पलंगावरून कशा उठतात ते बघा. नेहमीसारख्या उठल्या तर जांबुघोड्याचे सपाट दोन-अडीच किलोमीटर त्या आरामात करतील, बहुतेक नातीपेक्षा चांगले. सूज आली, जिना उतरताना कठडा धरावा लागला, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नेऊ नका.

गुडघ्यांचा खरा त्रास चढावर नसतो, उतारावर असतो. आणि सागाच्या रानात उतार फसवा असतो. सागाचं वाळलेलं पान ताटाएवढं, कडक, वरून गुळगुळीत. अशी पानं एकावर एक पडली की खालचा खडा दिसत नाही आणि पाय ठेवला की पानावर पान सरकतं. सपाट वाटेवर हा नुसता आवाज, पण चार पावलांच्या उतारावर घसरायला तेवढं पुरतं. म्हणून आजींच्या हातात काठी द्या, घरची, रबरी टोक असलेली असली तरी चालेल. उतारावर आधी काठीने पानं बाजूला करायची, मग पाऊल. नाल्यात उतरणारी वाट आली की तिथेच थांबायचं, ‘हात धरून उतरवू’ करायचं नाही. उतरवता येतं हो, पण परत यायचं असतं.

आणि एक गोष्ट जी कुणी बोलत नाही: जंगलात बसायचं कसं? गुडघे दुखणाऱ्या बाईला जमिनीवर बसता येत नाही आणि बसली तर उठता येत नाही. शूचाही तोच प्रश्न, उकिडवं बसता येत नाही. बायका मग सकाळपासून पाणीच पीत नाहीत आणि अकरा वाजता डोकं दुखायला लागतं. घडीचं छोटं स्टूल घ्या. जाताना वाटेत हालोलला चहाला थांबाल तेव्हा आधी कमोड असलेलं स्वच्छतागृह आहे का बघून मगच हॉटेल निवडा, चहा कसाही असो. हे दोन्ही केलंत तर सासूबाईंचा निम्मा संकोच घरीच राहील.

स्टुलाचा आणखी एक उपयोग. अर्ध्या तासावर चांगली सावली आणि उघडी जागा मिळाली की आजी तिथे बसू शकतात, बरोबर एक मोठं माणूस, आणि बाकीचे तिघं पुढे अर्धा तास जाऊन येतील. आजींना एकटं ठेवायचं नाही आणि मुलाला एकटं पुढे सोडायचं नाही, एवढे दोन नियम पाळले की ही फूट सगळ्यांना सोयीची होते. कित्येक आज्यांना तो बसलेला वेळच सगळ्यात आवडतो, कारण गुपचूप बसणाऱ्याला जेवढे पक्षी दिसतात तेवढे चालणाऱ्याला दिसत नाहीत.

आता जागेबद्दल. जांबुघोडा अभयारण्य बडोद्यापासून सुमारे ७० किलोमीटर. हालोल, शिवराजपूरवरून जा किंवा डभोई-बोडेलीकडून. १९९० मध्ये ते अभयारण्य झालं, क्षेत्रफळ १३० चौरस किलोमीटरच्या आसपास. टेकड्या आहेत, पण बुटक्या. मधली खोरी सपाट, साग, बांबू, मोह, टेंभुर्णी, पळस, आवळा यांनी भरलेली. आत वस्त्या आहेत, राठवा आणि नायक या आदिवासींची शेतं आहेत, त्यामुळे बैलगाडी जाईल अशा रुंद वाटा आहेत. घरच्या मंडळींना हवी असते ती हीच वाट: दोघं शेजारी चालू शकतील इतकी रुंद, पाय दिसेल इतकी उघडी. दाट झाडीतली पायवाट फोटोत छान दिसते, मुलांसाठी नको. कडा आणि तारगोळ ही दोन जलाशयं इथे आहेत. कडाच्या बाजूचा भाग मला हिवाळ्यात आवडतो, कारण पाणी असतं आणि पक्षी असतात. पण पाण्याच्या काठाला मुलांना सोडू नका. आपल्या विश्वामित्री नदीत मगरी आहेत हे बडोदेकराला सांगायला नको, आणि या भागातल्या कुठल्याही तळ्यात मगर नसेलच असं मी कधी गृहीत धरत नाही. काठापासून पाच-सहा मीटर लांब, हा नियम.

हे अभयारण्य आहे, बाग नाही. आत जायला १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे वन विभागाची परवानगी लागते. दोन-चार दिवस आधी फोन करून विचारा की सध्या कुठली वाट उघडी आहे आणि बरोबर स्थानिक वाटाड्या मिळेल का. वाटाड्या घ्याच. त्याला वाट माहीत असते हे तर झालंच, पण कालच्या दिवसात कुठे काय दिसलं, कुठल्या झाडावर मोहोळ आहे, कुठल्या शेतातलं कुत्रं चावरं आहे हे त्यालाच माहीत असतं. त्याच्याशी गुजराती बोला, आपल्या बडोद्याच्या मोडक्या गुजरातीवर तो खूश असतो. त्याला आधीच सांगा की ४ वर्षांची मुलगी आहे आणि तुमचा वेग तिचा वेग आहे. नाहीतर तो त्याच्या चालीने निघतो आणि तुम्ही धापा टाकता.

दिवस कुठला? शनिवारी आणि रविवारी तिथल्या झंड हनुमानाच्या मंदिराला गर्दी असते, गाड्या, लाउडस्पीकर, सगळं. तुमच्या मुलांना सुट्टी असेल तर मंगळवार-बुधवार पकडा. उत्तरायणाच्या दोन दिवसांत तर बडोद्याबाहेर पडायला घरातलं कुणी तयारही होणार नाही, तो प्रश्नच नको.

वेळ साधारण अशी ठेवा: पावणेसहाला घर सोडायचं, मुलांना झोपेतच गाडीत घालायचं. हालोलला चहा, दूध. जानेवारीत सूर्य सव्वासातच्या पुढे उगवतो, म्हणून सातच्या आत पोचून उपयोग नाही. आठला चालायला सुरुवात, नऊला परत फिरायचं, साडेदहापर्यंत गाडीपाशी. मग तिथे बसून डबा उघडायचा. एकपर्यंत घरी, आणि मुलगी दुपारी झोपत असेल तर तिची झोपही सांभाळली जाते. दुपारच्या झोपेची सवय अजून आहे का, यावर तुमचं सगळं वेळापत्रक अवलंबून आहे. असेल तर यात अर्धा तासही वाढवू नका.

आता बिबट्या आणि अस्वल. दोन्ही तिथे आहेत, खोटं बोलणार नाही. पण भेट होणं न होणं हे बरंचसं तुम्ही कुठल्या वेळी आणि कुठल्या ऋतूत जाता यावर आहे. अस्वल संध्याकाळपासून पहाटेपर्यंत हिंडतं, आणि मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं पडतात तेव्हा ती खायला झाडाखाली येतं. त्या दिवसांत भल्या पहाटे मोहाच्या झाडांकडे मी लहान मुलांना नेत नाही. जानेवारीत आठनंतर, रुंद वाटेने, वाटाड्याबरोबर चाललात तर धोका फार कमी. अस्वल अंगावर येतं ते बहुतेक वेळा दचकून, म्हणून मी कुटुंबांना मौनव्रत पाळायला सांगत नाही. साध्या आवाजात बोलत चाला. मोबाइलवर गाणी मात्र नकोत, त्याने प्राणी पळतात ते ठीक, पण वाटाड्याला काही ऐकू येत नाही.

चालताना पुढे एक मोठा, मागे एक मोठा, मुलं मध्ये. काही दिसलंच तर पळायचं नाही. मुलीला लगेच उचलून घ्यायचं, मुलाला जवळ ओढायचं, एकमेकांना चिकटून उभं राहायचं आणि तोंड त्याच्याकडे ठेवून सावकाश मागे यायचं. घरी एकदा खेळासारखं करून घ्या, ‘पुतळा’ म्हटलं की सगळे थांबणार. मुलांना भीती घालायची गरज नाही, खेळ त्यांना बरोबर लक्षात राहतो.

सापांची भीती तुम्ही लिहिली नाही, पण ती मनात असतेच. थंडीत ते कमी दिसतात, तरी सकाळी ऊन खायला वाटेवर येतात. पानांच्या ढिगात हात घालायचा नाही, ओंडक्यावर बसण्याआधी त्याच्या पलीकडे बघायचं. चावलाच तर कापायचं नाही, चोखायचं नाही, करकचून बांधायचं नाही. चावलेला हात किंवा पाय फळीने किंवा काठीने आधार देऊन स्थिर ठेवायचा, चालवायचं नाही, १०८ ला फोन करून दवाखाना गाठायचा. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर चालणारं औषध एकच असतं, त्यामुळे साप पकडून न्यायची काही गरज नसते. जंगलात सगळीकडे नेटवर्क मिळेल असं धरू नका, म्हणून निघण्याआधी घरी कुणाला तरी सांगून ठेवा की अकरापर्यंत फोन आला नाही तर काय करायचं.

खरं सांगू का, मुलांच्या बाबतीत माझी जास्त धास्ती बिबट्याची नाही, खाजकुइलीची आहे. नोव्हेंबरपासून वेलीवर तिच्या शेंगा वाळतात. चिंचेएवढ्या, वाकड्या, वर सोनेरी-तपकिरी मखमल. मुलाच्या नजरेला ती मखमलच दिसते. हात लावला की ते बारीक केस कातडीत घुसतात आणि मग आग आग, आणि मूल तोच हात डोळ्याला लावतं. गुजरातीत तिला कौचा म्हणतात, वाटाड्याला सकाळीच विचारा, ‘कौचा क्यां छे?’ आणि मुलांना लांबून दाखवून ठेवा. लागलीच तर चोळायचं नाही, आधी चिकटपट्टी लावून ओढून काढायची, दोन-तीनदा, मग भरपूर पाणी. माझ्या पिशवीत बँडेजच्या शेजारी रुंद चिकटपट्टीचं रीळ असतं ते यासाठी. आग्या मोहोळाखाली थांबायचं नाही, आणि त्या दिवशी कुणी अत्तर-परफ्यूम लावायचं नाही, हे मोठ्यांनाही सांगा.

कपड्यांचं फार मनावर घेऊ नका. शाळेचे बंद बूट, रोजच्या वापरातले, नवे अजिबात नकोत. पूर्ण पँट, गुळगुळीत कापडाची. पावसाळ्यानंतरचं गवत वाळलेलं असतं आणि त्याची कुसळं लोकरी मोज्यात अशी रुततात की मोजे फेकावे लागतात. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं म्हणतात, आपल्या मोज्यातलं मात्र लगेच टोचतं. सकाळी स्वेटर लागेल आणि नऊला निघेल, म्हणजे तो ठेवायला पिशवीत जागा हवी. पाणी मोठ्यांना एक लिटर, मुलांना अर्धा, आणि गाडीत एक कॅन.

खाण्यात थेपले, सुखडी (गुळपापडी), उकडलेले बटाटे, जामफळ (पेरू). लीलो चिवडो, म्हणजे बडोद्याचा ओलसर चिवडा, न्यायचा असेल तर डब्यात न्या, पाकीट नको. पाकिटाचा आवाज वानरांना ओळखता येतो आणि मंदिराच्या आसपासची वानरं तर हातातून ओढून घेतात. मुलांच्या हातात खाऊ देऊन चालायचं नाही, खायचं तेव्हा बसून खायचं. गावातल्या मुलांना चॉकलेटं वाटू नका. त्यांच्या आयांना ते आवडतंच असं नाही, आणि पुढच्या वेळी येणाऱ्यांच्या गाडीमागे ती पोरं पळतात.

आता जी गोष्ट मला सांगायला सगळ्यात आवडते ती. मुलीला जंगल दाखवायचं म्हणजे काय दाखवायचं? प्राणी दिसतील असं तिला सांगून नेऊ नका. नीलगाय दिसली तर दिसली. ४ वर्षांच्या मुलाचं जंगल गुडघ्याच्या खाली असतं, आणि तिथे जांबुघोडा फार श्रीमंत आहे. वाटेच्या कडेला, खडकाच्या आडोशाला जिथे पावसाचं पाणी पोचत नाही तिथे पिठासारखी बारीक माती असते. तिच्यात बोटाच्या पेराएवढे नरसाळ्याच्या आकाराचे खड्डे दिसतील, एकाशेजारी एक, कधी वीस-पंचवीस. प्रत्येकाच्या तळाशी मातीत दडून एक अळी बसलेली असते, नुसते जबडे वर. मुंगी काठावरून घसरली की ती वर चढायला बघते, माती खाली येते, आणि तळातून अळी तिच्यावर मातीचे फवारे उडवते, म्हणजे मुंगी आणखी घसरावी. मुलीला पोटावर झोपू द्या आणि थांबा. एखादी मुंगी आपणहून येईपर्यंत थांबायचं, पकडून टाकायची नाही. एकदा बडोद्याच्या दांडिया बाजारातली एक मुलगी अशा एका खड्ड्यापाशी इतका वेळ पडून होती की तिच्या आजोबांनी तिथेच पेपर काढला. त्या दिवशी आमचं चालणं जेमतेम किलोमीटरभर झालं आणि कुणाची तक्रार नव्हती.

मुलासाठी वेगळं. त्याला पुरावे शोधायला लावा. नीलगाय ठरलेल्या जागीच लेंड्या टाकते, त्यामुळे तिचा ढीग सापडला की ‘हे तिचं रोजचं ठिकाण’ एवढं त्याला कळतं. खणलेलं वारूळ दिसलं तर वाटाड्याला विचारायला सांगा, अस्वलाने नखांनी ओरबाडलेलं असेल तर तो दाखवेल. विष्ठेत बोराच्या बिया दिसल्या तर मुलगा आठवडाभर शाळेत तेच सांगेल, तयारी ठेवा. सागाच्या खाली पडलेली काही पानं जाळीसारखी झालेली दिसतील, शिरा तेवढ्या उरलेल्या, मधलं सगळं अळ्यांनी खाल्लेलं. ती उन्हापुढे धरून बघायची आणि तिथेच ठेवायची. अभयारण्यातून पान, पीस, बी काही आणायचं नाही, हे घरूनच सांगून न्या म्हणजे वाटेवर रडारड होत नाही. त्याऐवजी मी वही नेते आणि मुलांना चित्र काढायला सांगते.

जांबुघोडा यावेळी नको वाटलं, सासूबाईंची तालीम बरी गेली नाही, तर पावागढच्या पायथ्याशी जेपुऱ्याजवळ विरासत वन आहे, २०११ मध्ये वन विभागाने केलेलं. लावलेलं वन आहे, रान नाही, पण आखलेल्या वाटा आहेत, बसायला जागा आहे, आणि लहान मुलीच्या पहिल्या फेरीला पुरेसं आहे. दाट जंगल हवंच असा हट्ट नसेल तर डभोईजवळचा वढवाणा तलावही बघा. गायकवाडांच्या काळात १९१० मध्ये बांधलेला, २०२१ पासून रामसर यादीत, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत. बंधाऱ्यावर चालणं सपाट आहे आणि जानेवारीत हजारो बदकं-हंस असतात. सावली मात्र नाही, म्हणून सकाळीच. पावागढ? देवदर्शनाला जरूर जा, रोपवेने जा. पण सुमारे ८०० मीटरचा डोंगर, पायऱ्या आणि गर्दी यांतून मुलांना जंगल मिळत नाही, पायऱ्या मोजायला मिळतात.

मुलीला उचलायची वेळ आली तर, असंही विचारलंत. येईल, धरूनच चाला. चार वर्षांचं मूल पंधरा-सोळा किलोचं असतं, आणि तेवढं वजन कडेवर घेऊन असमान वाटेवर चालताना आपलाच पाय मुरगळतो. कडेवर नको, पाठीवर घ्या. सुती ओढणीने तिला पाठीशी बांधायचं जमत असेल तर दोन्ही हात मोकळे राहतात, नसेल तर पाठुंगळीला घेऊन दहा मिनिटांनी माणूस बदला. त्या वेळी पिशवी दुसऱ्याकडे द्यायची. यजमानांच्या पाठीवर मुलगी आणि खांद्यावर कॅमेरा, दुर्बीण, पाणी असं दृश्य मी नेहमी बघते, आणि पुढे काय होतं तेही.

रतनमहालचं उत्तर सोपं आहे, अजून नको. दाहोद जिल्ह्यातलं ते अस्वलांचं अभयारण्य, १९८२ पासूनचं, ५५ चौरस किलोमीटरच्या आसपास. रान सुरेख आहे, पण डोंगराळ आहे, चढ-उतार खरे आहेत आणि बडोद्याहून जाऊन-येऊन एका दिवसात लहान मुलांना दमवणारं आहे. मुक्काम करून जायचं. मुलगी सात-आठ वर्षांची झाली आणि तीन तास स्वतःच्या पायांनी चालायला लागली की जा. तोवर जांबुघोडाच पुन्हा, फेब्रुवारीच्या शेवटी एकदा, केसूडां, म्हणजे पळसाची फुलं, फुलतात तेव्हा. सावली तेव्हा अगदीच नसते, म्हणून ती फेरी साडेसातला सुरू करून नऊला संपवायची आणि अस्वलांचं काय चाललंय ते आधी वाटाड्याला फोन करून विचारायचं. सासूबाईंसाठी त्या वेळी चालायची वाटच लागत नाही, रस्त्याच्या कडेलाच पळस लाल झालेले असतात. स्टूल गाडीत राहू द्या.